मामाजी कुत्र्याचं स्थळ पाहतात

माझे सासरे सदाशिवराव यांना आजवर कुणी मुलगी 'दाखवली' नाही. ते स्वतःच जाऊन पाहून येत. पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे निव्वळ नाटक, असं त्यांचं रोखठोक मत. "इस्तरीचे कपडे अन् पोह्यावरचं खोबरं पाहून काय समजते? माणूस पाहाचा असंल तं बिनबोलावता जा," असं म्हणायचे आणि ऐन पापड-कुरडयांच्या धांदलीत, नाहीतर घराला रंग देणं चालू असताना, पिशवी घेऊन लोकांच्या दारात उभे राहायचे. बरं, चहा घेऊन निघावं तर तेही नाही. मुक्काम ठोकायचे. घरातली माणसं रात्री जेवताना एकमेकांशी कशी बोलतात आणि सकाळी चहाच्या आधी कशी बोलतात, हे कानांनी ऐकल्याशिवाय ते कुठल्याही सोयरिकीत पडत नसत. फुलसावंगीपासून महागावपर्यंत कितीतरी संसार त्यांनी असे जमवले. त्यात कमाई नाही, नुसती हौस.

माझंही स्थळ त्यांनी असंच पाहिलं. दिग्रसला आमच्या घरी ते टपकले तेव्हा मी भावाशी कडाकडा भांडत होते. भांडण संपेपर्यंत ते खुर्चीवर शांत बसून राहिले आणि मग मला एकच प्रश्न विचारला, "भांडन झाल्यावर तू जेवतं का उपाशी झोपतं?" मी रागातच होते. म्हटलं, "आधी जेवते, मग भांडते." घरी जाऊन त्यांनी निरोप पाठवला, "पोरगी टिकते." टिकले बाई! महागावात मी आणि माझा नवरा नयन राहतो, फुलसावंगीत सासूसासरे. मी त्यांना मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. अशा या माणसानं म्हातारपणी कुत्र्याचं स्थळ पाहिलं, त्याची ही हकीकत. सून सांगते आहे, तेव्हा थोडी नावं ठेवणारच.

आत्याबाई म्हणजे लीलाबाई. गेल्या काही वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, पण ते "शिट्या मारते" म्हणून डब्यात जाऊन बसलं. कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर त्यांना समजतं. पण असं बोललं की गल्लीलाही समजतं, आणि मामाजींचा सगळा व्यवहार नाजूक गोष्टींचा. कुणाची मोडलेली सुपारी, कुणाच्या पोराची बाटली. पूर्वी स्थळ पाहून आले की ते आत्याबाईंपाशी बसून इत्थंभूत सांगत. कान गेले तसं ते बंद झालं. आत्याबाईंनी "काय झालं?" विचारलं की "काही नाही" असा हात हलवायची सवय त्यांना लागली, आणि त्यांचं पाहून आम्हालाही.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मामाजी मागच्या अंगणात टाक्याजवळ शेवाळावरून घसरले. पाय असा मुरगळला की उठता येईना. आत्याबाई स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून पोळ्या लाटत होत्या. मामाजींनी हाका मारल्या. आवाज बसेपर्यंत मारल्या. शेजारी शेतात गेलेले. शेवटी भाजीची देठं गायीला टाकायला आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना ते दिसले.

हाड शाबूत होतं, पंधरवड्यात मामाजी चालायला लागले. मोडल्या त्या आत्याबाई. "माह्या कानापायी तुमचा जीव गेला असता," हे एकच वाक्य त्या पुन्हापुन्हा म्हणायच्या. त्यांनी मामाजींना नजरेआड होऊ देणं बंद केलं. ते गोठ्यात गेले की या गोठ्यात, ते पारावर गेले की या पाराच्या कडेला उभ्या. रात्री आपल्या पदराचं टोक त्यांच्या बाजेला बांधून झोपायच्या, म्हणजे ते उठले तर यांना कळावं. नयन म्हणाला, दोघंही आमच्याकडे या. मामाजी म्हणाले, "अन् वावर काय तुह्या ब्लॉकमधी आनून ठेवू?"

तोडगा आत्याबाईंनीच काढला. एक दिवस मला म्हणाल्या, "एखांदं कुत्रं पाहा बाप्पा. यायनं हाक मारली का मले येऊन सांगंल, असं."

मी कपाळावर हात मारला. मामाजींचं आणि कुत्र्याचं लहानपणापासून वाकडं. कुत्रं जवळ आलं की डोळे सुजतात, शिंका सुरू होतात. म्हणून या घरात कधी कुत्रं पाळलंच नाही. पण मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, आत्याबाईंकडे पाहिलं आणि मान डोलावली. "पाहू," म्हणाले. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला. तसं त्यांना सांगितलं नाही, शेफारले असते.

यवतमाळला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातावर बारीक टोचून तपासणी केली. कुत्र्याची ॲलर्जी निघाली, पण फार नाही. डॉक्टरांनी विचारलं, "धुळीचा, कापसाचा काही त्रास?" मामाजींना तो अपमान वाटला. "कापसाचा? डॉक्टरसाहेब, आमी कापसातच जन्मलो, कापसातच मरू. कापूस म्हंजे आमची लक्ष्मी." डॉक्टर हसले आणि पुढे गेले. मीही हसले.

नयननं तोवर मोबाईलवर विदेशी कुत्र्यांचे फोटो शोधून ठेवले होते. ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखे कुरळ्या केसांचे कुत्रे. यांचे केस गळत नाहीत, म्हणून यांचा त्रास नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी ते फोटो बाजूला केले. म्हणाले, त्रास नुसत्या केसांचा नसतो, कातडीच्या कोंड्याचा आणि लाळेचा असतो, आणि तो प्रत्येक कुत्र्याला असतो. "जातीवर जाऊ नका. पण कुत्र्याकुत्र्यात फरक असतो. एखादं तुम्हाला सोसेल, एखादं नाही. आणण्याआधी त्याच्यासोबत भरपूर वेळ काढून पाहा. एकदा नाही, दोनतीनदा."

मामाजींचा चेहरा उजळला. "म्हंजे मुक्काम!" जात न पाहता स्थळ पाहायची मात्र त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

पहिलं स्थळ आमच्याच कॉलनीतलं, संगीताकडचं पामेरियन. ती नागपूरला मुलाकडे कायमची निघाली होती. पांढरंशुभ्र, गोंडस, नुसता केसांचा गोळा. मामाजींच्या मांडीवर ते चढून बसलं आणि चहाचा कप संपायच्या आत त्यांचे डोळे टोमॅटोसारखे झाले. नाकाला रुमाल लावून त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, "स्थळ चांगलं आहे, पन आपल्याले झेपनारं नाही."

दुसरं स्थळ मुकुटबनला, त्यांच्या बहिणीकडे, मैनाबाईंकडे. कुत्रं पाहायला जातो एवढं खुणेनं सांगितलं की आत्याबाई त्यांना सोडायच्या, लोकांच्या घरी हाक ऐकणारं कुणीतरी असतंच म्हणून. तिथली भुरी कुत्री दोन वर्षांची, समजूतदार. मामाजी दिवसभर तिच्यासोबत अंगणात बसले. फोनवर मला सांगितलं, "एकबी शिंक नाही! रंग चांगला दिसून राह्यला." रात्री मुक्काम केला. सकाळी पुन्हा फोन आला तेव्हा छाती सूं सूं वाजत होती आणि आवाज घोगरा झाला होता. स्थळ मोडलं.

तिसरं स्थळ जवळचंच, फुलसावंगीबाहेरच्या तांड्यावर. बाबुलाल तिथे शेळ्या पाळतो. मामाजींचा जुना दोस्त, आत्याबाईंना तो याडी म्हणतो, म्हणजे आई. त्याची चांदी नावाची कुत्री, आखूड केसांची, राखाडी, कानाचं एक टोक फाटलेलं. दिसायला काही नाही. पण तिची एक रीत होती. कळपातली शेळी मागे राहिली की ती भुंकत बसायची नाही. सरळ बाबुलालकडे यायची आणि त्याच्या गुडघ्याला डोकं लावून ढकलायची. हे मामाजींनी पाहिलं आणि त्यांचा जीव तिच्यावर जडला. आत्याबाईंना अशीच पाहिजे होती. नुसतं भुंकणारं कुत्रं त्यांच्या काय कामाचं? संध्याकाळपर्यंत चांदी मामाजींच्या पायाशी झोपली, यांना काही झालं नाही. बाबुलालनं आग्रहानं ठेवून घेतलं. त्या रात्री आत्याबाईंपाशी मी होते.

सकाळी मामाजी परत आले ते डोळे सुजलेले, दोन्ही हातांवर लाल पुरळ, श्वास लागलेला. पिशवी ठेवली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. लोकांची लग्नं मोडली तेव्हाही या माणसाला मी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. आत्याबाईंनी "काय झालं?" विचारलं. त्यांनी हात हलवला.

त्यानंतर ते कुठे गेलेच नाहीत. सोयरिकीचे निरोप यायचे, ते "तब्येत नाही" म्हणून परत पाठवायचे. आत्याबाई त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसून राहायच्या. दोघं दिवसभर एकमेकांना राखत बसलेले. मला ते बघवेना. नयनशी मी त्यावरून भांडले, अर्थात जेवून.

पुढच्या रविवारी मी फुलसावंगीला गेले. मामाजी ओसरीवर हाताच्या पुरळाला खोबरेल तेल चोळत होते. आत्याबाईंनी तेलाची वाटी त्यांच्या हातून घेतली, त्यांचा हात उजेडात धरला, उलटासुलटा पाहिला. मग म्हणाल्या, "अवो, कापसाच्या खोलीत झोपलते काय?"

मामाजी माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे.

"झोपलो होतो," मामाजी म्हणाले. आत्याबाईंना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी बसले आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. डॉक्टर, पामेरियन, मुकुटबन, तांडा. मग मामाजींना विचारलं, की नेमके झोपलात कुठे. पौष-माघातली थंडी. भाव येईल म्हणून सगळ्यांच्या घरी कापूस अजून समोरच्या खोलीत भरलेला. आणि पाहुण्याला घरातली सगळ्यात ऊबदार, सगळ्यात मऊ जागा द्यायची ही आपली रीत. मैनाबाईंनी भावाला कापसाच्या ढिगावर सतरंजी टाकून झोपवलं. बाबुलालनंही तेच केलं, वर दार-खिडकी लावून घेतली, पाहुण्याला वारा लागू नये म्हणून.

"एवढ्या वर्षांचे मुक्काम केले ना तुम्ही?" मी विचारलं.

"ते उन्हाळ्यात अवं. लग्नसराईत. अंगनात बाज टाकून."

आत्याबाई म्हणाल्या, "मंग कुत्रीले कायले बोल लावता?" आणि त्यांनी जे सांगितलं, ते या घरात कुणालाही माहीत नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी कापूस मधल्या खोलीत भरला होता. नवरा सगळा माघ महिना खोकत होता, अंगावर असंच पुरळ. कापूस विकला आणि खोकला गेला. नव्या सुनेनं ते हेरलं. पुढच्या हंगामाला सासूला म्हणाली, कापसात उंदरं होतात, आगीची भीती असते, बाहेर टिनाचं शेड बांधा. शेड झालं. तेव्हापासून या घराच्या उंबऱ्याच्या आत कापसाची बोंडं कधी आली नाहीत. आम्हाला वाटायचं, आत्याबाईंना उंदरांचं भारी वावडं.

"मले सांगतलं काहून नाही?" मामाजींनी विचारलं. या वेळी ते स्वतः उठून त्यांच्या कानाशी गेले होते.

"कापूसवाल्याले कापूस सोसत नाही, असं सांगून तुमचं हसू करू काय चार लोकांत? अन् सांगाची गरज काय होती? कापूस तं बाहेर होता." मग तेलाची वाटी बाजूला ठेवत, मीठ संपलंय म्हणावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, "आता तुमी कुठी जाता, कुठी झोपता, मले कोनी सांगतच नाही. मले कसं समजंल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही मुकुटबनपर्यंत घातला होता. मला हसू आलं. मामाजींना नाही. ते तिथेच आत्याबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, बंद खोलीतल्या साठवलेल्या कापसानं असं होऊ शकतं. आधी पूर्ण बरं होऊ द्या, मग मोकळ्या, स्वच्छ जागेत पुन्हा त्या कुत्रीसोबत वेळ काढा.

या वेळी मामाजी एकटे गेले नाहीत. आत्याबाईंना सोबत घेतलं. बाबुलालनं हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला. "मी तं गादीहून मऊ जागा देल्ली होती, सदाभाऊ!" ओट्यावर बाज टाकली, घोंगड्या दिल्या. चांदी मामाजींच्या बाजेखाली झोपली, आत्याबाई शेजारच्या बाजेवर. सकाळी त्यांनी मामाजींची हनुवटी धरून डोळे तपासले. स्वच्छ. छाती शांत. दोन शिंका आल्या, पण "इतक्या तं मले उदबत्तीनंबी येते," असं मामाजींचं म्हणणं. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. तिन्ही वेळा निभावलं, तेव्हा कुठे होकार दिला.

आता बाबुलाल मुलीकडचा झाला होता. चांदीची दोरी आत्याबाईंच्या हातात देताना त्याचे डोळे भरले, पण ताठ आवाजात म्हणाला, "याडी, मी कवाबी येईन. बिनबोलावता." आणि आला. एकदा भरदुपारी, एकदा पोळ्या चालू असताना. चांदीला भाकर मिळते का, बांधून तर ठेवत नाहीत ना, सगळं पाहून गेला. मामाजींना स्वतःचंच औषध प्यावं लागलं, याचा मला फार आनंद झाला.

घरातले नियम डॉक्टरांचे. चांदी झोपायच्या खोलीत जात नाही. तिला अंगणात विंचरणं, आंघोळ घालणं आत्याबाईंकडे. मामाजींनी हात लावला तर लगेच धुवायचे. ते लहान मुलासारखे हात धुवून दाखवतात.

चांदीला शिकवायला मी आठवडाभर फुलसावंगीत राहिले, पण एक अडचण आली. मामाजी बायकोला हाक मारायचे ती "अवं" अशी. पण "अवं" ते मला म्हणतात, शेजारणीला म्हणतात, गायीलाही म्हणतात. चांदी बिचारी नुसती मान फिरवायची. बाबुलाल म्हणाला, एकच शब्द पाहिजे, दुसऱ्या कोनाले न लागणारा. लग्नाला एवढी वर्षं झाली, मामाजींनी बायकोचं नाव चारचौघांत घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. दोन दिवस ते टाळाटाळ करत राहिले. तिसऱ्या दिवशी टाक्यापाशी उभे राहिले, घसा खाकरला आणि ओरडले, "लीला!" गल्लीतल्या बायका दारात आल्या. आत स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा होताच. मी चांदीला तिकडे वळवलं, तिनं आत्याबाईंच्या गुडघ्याला डोकं लावलं, तुकडा मिळाला. चारसहा दिवसांत मला वळवायचीही गरज उरली नाही.

मग काय, हाकांचा सपाटाच सुरू झाला. आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत यायच्या, मामाजी टाक्यापाशी धडधाकट उभे. "काय झालं?" "काही नाही, पाहून राह्यलो." एकदोनदा त्यांनी शिव्या घातल्या. पण रात्री पदर बाजेला बांधणं त्यांनी सोडलं. ते मी स्वतः पाहिलं, आणि त्या दिवशी महागावला परतताना बसमध्ये मी रडले.

मामाजी पुन्हा स्थळं पाहायला लागले आहेत. फरक एवढाच, की आता ते आले की आत्याबाईंच्या कानाशी बसून सगळं सांगतात. अर्थात ओरडून. त्यामुळे फुलसावंगीत कुणाचं कुठे बिनसलं ते आमच्या गल्लीला आधी कळतं. लोक कुरकुरतात. परवा मी तिथे असताना महागावचे नागोराव आले होते, त्यांच्या मुलीची सुपारी मोडली म्हणून नवं स्थळ पाहायला सांगायला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते हळू आवाजात म्हणत होते, "सदाभाऊ, एक विनंती. ही गोष्ट घरात बोलू नका. वहिनीले सांगाचं म्हंजे गावाले सांगाचं."

मामाजींनी चहा खाली ठेवला. "नागोराव, मी तिले न सांगता दोन ठिकानी मुक्काम करून आलो अन् दोन चांगले स्थळं मोडून बसलो. जिले ठाऊक होतं ती घरातच बसून होती. आता तिले सांगल्याबिगर मी कोनाच्या घरची पायरी चढत नाही. पटत नसंल तं दुसरा मानूस पाहा."

मग त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. निंबाखालून चांदी उठली, आत गेली, आणि तिच्यामागून हात पुसत आत्याबाई बाहेर आल्या. मामाजींनी खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवलं आणि नागोरावांच्या मुलीची गोष्ट पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला घेतली. नागोराव मान खाली घालून स्वतःच्याच घरची हकीकत ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर आत्याबाई नागोरावांकडे वळल्या.

"अन् पोरगी काय म्हनते?"

नागोरावांनी मामाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. "घरी जाऊन पोरीले इचारून येतो," म्हणाले.